ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये १०डब्ल्यू-६० टाकावं का?

तुमच्या स्कोडा ऑक्टाव्हियासाठी गॅरेजवाला 'रेसिंग' इंजिन ऑइल म्हणून १०डब्ल्यू-६० सुचवतोय, तुमच्या मनात ५डब्ल्यू-४० आहे आणि मित्र ५डब्ल्यू-३० वर ठाम आहे. १०डब्ल्यू-६० तर मुळीच टाकू नका.

ते ऑइल वाईट आहे असं नाही. बीएमडब्ल्यूने ई-६० एम५ या गाडीसाठी तेच ठरवून दिलं होतं. पण ते आठ हजारांच्या वर आरपीएम घेणारं, बिनटर्बोचं व्ही-१० इंजिन. तुमच्या दोन लिटरच्या टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर आणि कॅमचे ॲडजस्टर ऑइलच्या दाबावर चालतात. सकाळी थंड इंजिनात घट्ट ऑइल तिथे आणि टर्बोच्या बेअरिंगला उशिरा पोचतं.

आता ३० की ४०? फक्त 'डब्ल्यू' नंतरच्या या आकड्यावर भांडणं व्यर्थ आहे. तो आकडा मुख्यतः १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. जोरात पळवलेल्या टर्बो इंजिनात बेअरिंगमधलं ऑइल त्याहून तापतं आणि प्रचंड वेगाने घासलं जातं. तिथे ऑइलचा थर किती टिकेल, हे एचटीएचएस, म्हणजे जास्त ताप आणि जोरदार घासणीतला दाटपणा, सांगतं. ते १५० अंशांवर मोजतात. साध्या ५डब्ल्यू-३० ला २.९ (मिलिपास्कल-सेकंद) पुरतं, पण फोक्सवॅगनच्या (स्कोडा याच गटातली) ५०४ ०० या ऑइल-मंजुरीच्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतं. ५०२ ०० च्या ५डब्ल्यू-४० लाही तेवढंच. म्हणजे दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असूनही आत वेगळा माल असू शकतो. ५०८ ०० चं ०डब्ल्यू-२० तर २.६ पासून सुरू होतं; ते त्यासाठीच बनवलेल्या इंजिनांचं आहे.

म्हणून डबा उलटा करून मागचं लेबल वाचा. तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेला मंजुरी क्रमांक तिथे 'ॲप्रूव्हल' या शब्दासह हवा. 'सुटेबल फॉर' किंवा 'मीट्स' म्हणजे तेल कंपनीचा स्वतःचा दावा, गाडीवाल्यांनी केलेली तपासणी नव्हे. मॅन्युअलमध्ये ५०२ आणि ५०४ दोन्ही असतील, तर पुण्याच्या हवेत आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी मी ५०२ चं ५डब्ल्यू-४० घेईन. ५०४ कमी राखेचं असतं, म्हणजे त्यात आम्ल मारणारी रसायनं कमी, आणि पूर्वी आपल्याकडे पेट्रोलमधल्या गंधकामुळे लोक ते टाळायचे. बीएस-६ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२० पासून, गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली, त्यामुळे ती भीती आता उरली नाही; ५०४ ही चालेल.

ताकद वाढवायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप केला असेल तर डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसपी दर्जाही बघा. कमी आरपीएमवर जोर दिल्यावर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. त्याविरुद्धची चाचणी त्या दर्जात आहे.

माझ्या मते ब्रँडपेक्षा ऑइल बदलण्याचं अंतर जास्त महत्त्वाचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. कोथरूड ते डेक्कन अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, मग ते उडून जात नाही आणि ४० चं ऑइल हळूहळू पातळ होतं. पुस्तकात १५ हजार किलोमीटर असलं तरी तुमच्या वापराला ७-८ हजारांवर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. ट्रॅक डे झाला की लगेच. मध्ये दर दोन आठवड्यांनी, सपाट जागी, डिपस्टिक बघा. पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल काढून टाका.