सहावी ते आठवीच्या पालकसभेला कुणीच येत नाही. पालकांना शाळेशी जोडायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की उच्च प्राथमिक शाळेत नव्यानं रुजू झालात, १५ जूनला शाळा भरणार, मागच्या वर्षी पालकसभेला पाच-सहा जणच आले होते. तर या वर्षी पालकांचं स्वागत कसं करावं आणि 'उदासीन पालकांना' जागं करायला कोणते उपक्रम घ्यावेत. तुमच्या प्रश्नातला 'उदासीन' हा शब्द वाचला आणि मी उत्तर लिहायला बसले. याच एका शब्दावरून माझं एका माणसाशी भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित-विज्ञानाची पदवीधर शिक्षिका होते. शाळा आठवीपर्यंत. सहावी ते आठवीचा पट ७४, आणि त्यातली निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या, मार्च-एप्रिलमध्ये परत यायच्या. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि तोडीच्या भाषेत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मग धाकट्याला कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, सांभाळायला सातवीतली मुलगीच लागते.

२०१७ चा जून. १५ तारखेला प्रवेशोत्सव झाला. प्रभातफेरी, फुगे, पहिलीच्या लेकरांना गुलाबाचं फूल, पाहुण्यांच्या हस्ते पुस्तकवाटप. खुर्च्यांवर सरपंच आणि गावातली चार मोठी माणसं. आया कुंपणाबाहेरून बघत होत्या. सहावी ते आठवीची पोरं खुर्च्या उचलायला. मंगळवारी, २० तारखेला सकाळी ११ वाजता पालकसभा ठेवली. मुलांच्या वहीत 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' अशी सूचना लिहून दिली. आले तिघं. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त फौजी आणि नातवाच्या शिष्यवृत्तीचं विचारायला आलेले एक आजोबा.

मुख्याध्यापक म्हणाले, "बघा बाई. ज्यांनी उचल घेतलीय त्यांना शाळेचं काय पडलंय? उदासीन लोक आहेत सगळे." इतिवृत्तात तेच लिहिलं गेलं, 'पालकांची उदासीनता'. बाकीच्या सह्या शिपायानं घरोघरी नोंदवही फिरवून आणल्या. मी गप्प बसले. मृगाचा पाऊस झाला होता, माणसं पेरणीला रानात होती, हे मला खिडकीतून दिसत होतं. तरी बोलले नाही.

त्या संध्याकाळी पाचवीच्या गुरुजींना बरोबर घेतलं आणि वस्तीवर गेले. सातवीतल्या एका मुलीच्या घरी ओट्यावर बसलो. तिची आई नुकतीच रानातून आली होती, पायाचा चिखलही धुतला नव्हता. मी विचारलं, "ताई, सभेला का नाही आलात?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, शाळेतून बोलावणं आलं की माझ्या पोटात गोळा येतो. ही चौथीला होती तवा एकदा बोलावलं होतं. हिच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून. चार माणसात सांगितलं. तवापासून त्या फाटकातून आत आले नाही मी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ वर्षांच्या शाळेत आपण एका आईला किती वेळा बोलावतो आणि कशासाठी, हे मी मोजत बसले. पोरानं मारामारी केली. पोरगी गैरहजर. आधार कार्डाची झेरॉक्स द्या. बँकेचं खातं काढा. इथे सही करा. माझ्या आठवणीत एकही बोलावणं असं निघालं नाही, ज्यात आईला काही चांगलं ऐकायला मिळालं असेल.

तुम्ही सहावी ते आठवीचं विचारलंय म्हणून हे सांगते. पहिली-दुसरीला आई बोट धरून फाटकापर्यंत येते. दहावीला बोर्ड असतं म्हणून बाप येतो. मधली वर्षं कुणाचीच नसतात. त्यातून त्या वयात मूलच आईला म्हणतं, तू येऊ नको, मला लाज वाटते. वहीतली सूचना घरी वाचून दाखवायची की नाही हे तेच ठरवतं, कारण घरात वाचता येणारं तेच एक असतं. म्हणून चिठ्ठी पाठवून मोकळं होऊ नका. ती घरी पोचतच नाही.

पुढची सभा आम्ही वस्तीवरच्या मारुतीच्या देवळापुढे घेतली, रात्री आठ वाजता. मुख्याध्यापकांना सांगून गेलो, ते आले नाहीत. जाण्याआधी आठवडाभर मी एकच काम केलं. प्रत्येक मुलाबद्दल एक खरी गोष्ट लिहून काढली. हुशार आहे, गुणी आहे असलं काही नाही. 'अपूर्णांकाचा भागाकार स्वतःहून फळ्यावर सोडवला.' 'मैत्रिणीला ताप आला तेव्हा तिला घरापर्यंत सोडून आली.' काही मुलांबद्दल लिहायला मला तीन दिवस लागले. ती मुलं तोवर मी नीट पाहिलीच नव्हती. सभेआधी एकेका पालकाशेजारी बसून ते वाचून दाखवलं. चारचौघांत नाही. एक बाप ऐकून उठून बाजूला जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ परत आला नाही.

त्या रात्री ४१ जण होते, त्यात २६ बाया.

मग मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुम्हाला शाळेला काय विचारायचंय? सगळे गप्प. शेवटी तीच उवांवरून बोलावली गेलेली आई बोलली. "पोरी म्हणतात भात पुरत नाही. माणशी किती तांदूळ असतोय?" मी सांगितलं, शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावीपासून पुढे १५० ग्रॅम. "म्हंजे अदपावाच्या वर. मग मापून कोण टाकतं?"

मला माहीत नव्हतं. त्या शाळेत पाच वर्षं काढलेली होती मी.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला चार आया शाळेत आल्या, दुकानातून वजनकाटा घेऊन. त्या दिवशी लहान वर्गांत ९० आणि मोठ्या वर्गांत ६८ हजर. हिशेबानं १९ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिजायला हवा होता. स्वयंपाकीणबाई पत्र्याच्या डब्यानं माप घ्यायच्या. आठ डबे. काट्यावर भरले १६ किलो. चोरी नव्हती, हे मी स्पष्ट लिहिते, कारण गावात नंतर उलटसुलट बोललं गेलं. शाळा पाचवीपर्यंत होती तेव्हा कुणीतरी माणशी १०० ग्रॅमचा हिशेब बांधून दिला होता. पुढचे वर्ग वाढले, हिशेब तोच राहिला. आठवीतली वाढत्या अंगाची पोरं पहिलीच्या लेकरांच्या मापानं जेवत होती आणि कोठीत शिल्लक तांदूळ दर महिन्याला वाढत होता. त्या शिल्लक तांदळाच्या वहीवर आम्हा सगळ्या शिक्षकांच्या नजरा रोज फिरत होत्या. चव नोंदवहीत 'चव चांगली' असं लिहून आम्ही सह्या करत होतो.

दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "यांना शाळेत कुणी शिरू दिलं? आज तांदूळ मोजला, उद्या आपली हजेरी मोजतील."

आठ दिवसांपूर्वी हेच लोक उदासीन होते. आता फार बोलायला लागले. मला तुम्हाला खरं तर एवढंच सांगायचंय. आपल्याला टाळ्या वाजवणारा, वर्गणी देणारा, सही करणारा पालक हवा असतो. प्रश्न विचारणारा नको असतो. आणि तो आपल्याला नकोय हे त्याला फाटकातच कळतं, म्हणून तो येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला ठेवल्या त्या कशासाठी? शाळेचा कारभार बघणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कुठे गेला हे पाहणं, ही कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. आपण त्यांना झेंडावंदनाला नारळ फोडायला बोलावतो.

वजनकाटा घेऊन आलेल्या त्या चार आयांनी पुढे हजेरीही मोजली. त्या समितीची मुदत संपली तेव्हा चौघींपैकी दोघी सदस्य झाल्या. आठवीला इंग्रजीचा शिक्षक नाही म्हणून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन गेल्या. शिक्षक काही मिळाला नाही. पण त्या तीनदा गेल्या.

आणि सप्टेंबरच्या बैठकीत जे झालं ते त्याहून मोठं होतं. कोण कोण तोडीला जाणार, कुणाचं लेकरू आजी-आजोबांपाशी राहू शकतं, याची यादी त्यांनी स्वतः केली. तोवर ही यादी आम्ही दिवाळीनंतर बाकं रिकामी दिसली की करायचो. हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे तोडीच्या काळात गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या सोयीचा, ठराव वेळेत गेला. आधीच्या वर्षी सहावी ते आठवीतली ३३ मुलं टोळीबरोबर गेली होती, त्या वर्षी ११ गेली. त्या अकरांना शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसता यावं. किती बसली, ते विचारू नका. जी सातवीतली मुलगी मी सांगितली ती आजीपाशी राहिली. तिची आई निघताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून मला ओरडून म्हणाली, "बाई, तांदूळ मोजत जा!"

तुम्ही स्वागताचं विचारलंय. माझ्या अनुभवात आमच्या भागात शाळेचं खरं स्वागत १५ जूनला नसतंच. ते मार्चमध्ये असतं, टोळ्या परत येतात तेव्हा. त्या मुलांना आम्ही मागच्या बाकावर बसवायचो, वर्गात त्यांना 'कोयत्यावरची' म्हणायचे. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही त्यांची पुस्तकं-वह्या कपाटात नावानिशी ठेवलेल्या होत्या. आल्या दिवशी आई-बापासकट बोलावलं, चहा केला, काय काय शिकवून झालंय ते दोघांसमोर सांगितलं आणि रोज एक तास जास्तीचा ठरवला. फुगे नव्हते, पाहुणे नव्हते. अकरापैकी नऊ घरची माणसं आली. तुमच्या गावात ऊसतोड नसेल तर वीटभट्टी असेल, मासेमारी असेल, काही ना काही असेलच. तुमच्या गावचा माणूस कोणत्या महिन्यात, किती वाजता मोकळा असतो, हे आधी शोधा आणि मग सभेची तारीख काढा. ११ वाजताची पालकसभा ही नोकरदार माणसानं नोकरदारासाठी ठरवलेली वेळ आहे. रोज पाडून यायला सांगताना त्या दिवसाची मजुरी किती होते हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

पहिल्या सभेत लोकवर्गणीचा विषय काढू नका. मुलाची तक्रार सभेत सांगू नका, कधीच. इतिवृत्त वाचून दाखवा, आणि सह्या घरोघरी फिरवून घेत असाल तर ते आजपासून बंद करा. तीन आले तर तिघांच्याच सह्या राहू द्या.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. रात्री वस्तीवर एकटीनं जाऊ नका, मी कधी गेले नाही. घरी लहान मूल असेल, रोज चाळीस किलोमीटर येणं-जाणं असेल, तर हे सगळं जमणार नाही आणि त्याचा अपराधही वाटून घेऊ नका. महिन्यातून एक संध्याकाळ पुरते. सगळे पालक चांगले असतात असंही माझं म्हणणं नाही. दारू पिऊन येऊन पोराला वर्गात मारणारा बापही मी पाहिला आहे, त्याला मी बाहेर काढलं. शहरातल्या खासगी शाळेत माझं हे उत्तर फारसं कामाचं नाही. तिथे पालक येतात, फक्त मार्कांवरून येतात, तो वेगळा आजार आहे. तुमची शाळा कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी माझ्याच शाळेचं लिहिलं. उपक्रमांची यादी तुम्हाला केंद्रप्रमुख देतील, ती भरपूर असते.

२०१८ मध्ये माझी बदली झाली. पुढच्या वर्षी त्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता, मी मुद्दाम गेले. भाषणात ते म्हणाले की पालकांच्या उदासीनतेशी मी आयुष्यभर झगडलो. सभामंडपात दुसऱ्या रांगेत ती आई बसलेली होती. रोजगार हमीच्या कामावरचा रोज पाडून आली होती, हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. भाषण संपल्यावर ती रांगेत उभी राहिली, सरांना टोपी घातली, पाया पडली. मला तेव्हा उठून बोलायचं होतं. समारंभ होता, सर वयानं मोठे, मी पुन्हा गप्प बसले. ते मी आज इथे बोलतेय, तुम्हाला, आणि तुमचा यात काही दोष नाही हे मला माहीत आहे. 'उदासीन' हा शब्द तुम्हालाही असाच कुणीतरी हातात दिला असणार.

१५ तारखेच्या आत एक वजनकाटा घ्या. कुलपात ठेवू नका, व्हरांड्यात ठेवा, आणि त्याच्या वर भिंतीवर खडूनं १०० आणि १५० लिहून ठेवा.