शाळेत कोणत्या ऐतिहासिक व्यक्ती सक्तीने शिकवायच्या, हे गुण देऊन ठरवता येईल का?

गुण जरूर द्या, पण निर्णय बेरजेवर सोडू नका. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २०१८ मध्ये हे करून बघितलं गेलं. सामाजिक शास्त्रांच्या शालेय अभ्यासक्रमात नावांची गर्दी झाली होती, म्हणून शिक्षण मंडळाच्या एका गटाने २० गुणांचा तक्ता केला. या व्यक्तीमुळे मोठा बदल घडला का, ती दुर्लक्षित समाजगटातली आहे का, तिचा प्रभाव टिकेल का, असे प्रश्न त्यात होते. अंध-बधिर लेखिका हेलन केलरना ७ गुण मिळाले आणि माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटनना ५. स्थानिक आमदारांना मात्र पैकीच्या पैकी! सप्टेंबरमध्ये दोघींना वगळायला प्राथमिक मंजुरी मिळाली, ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये दोघी परत आल्या.

माझ्या मते घोळ तक्त्यातच होता. केलर होत्या तिसरीच्या नागरिकत्वाच्या भागात आणि क्लिंटन हायस्कूलच्या इतिहासात. दोघींना एकच फूटपट्टी लावली. तिसरीच्या मुलाला 'मोठा बदल' मोजायचाच नसतो.

म्हणून आधी इयत्ता आणि मुद्दा लिहा, नाव नंतर. मग प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा: हे नाव काढलं तर मुद्दा शिकवता येतो का? 'पुण्यात १८४८ मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा' हा मुद्दा सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांशिवाय सांगताच येत नाही, तेव्हा ती नावं सक्तीची. 'एकोणिसाव्या शतकातले समाजसुधारक' असा मोघम मुद्दा असेल तर आगरकर, ताराबाई शिंदे, रानडे यांच्यापैकी कुणीही चालेल. ती नावं उदाहरणादाखल ठेवा, निवड शिक्षकावर सोडा. टेक्सासच्या नियमांतही 'यांच्यासह' म्हटलं की सक्ती आणि 'उदाहरणार्थ' म्हटलं की सूचना, असा फरक आहेच.

पुढे वेळेचा हिशेब. समजा आठवड्याला ४० मिनिटांच्या ३ तासिका आणि ३० आठवडे धरले, तर ९० तासिका होतात. चाचण्या, उजळणी, स्नेहसंमेलन यांत तिसरा हिस्सा सहज जातो, उरतात ६०. एका व्यक्तीला निदान एक तासिका लागते, आणि घटना, नकाशे, साधनं शिकवायची ती वेगळीच. सक्तीची १५ नावं झाली की वर्षाचा पाव भाग संपला. तिथेच थांबावं. नवं नाव सुचवणाऱ्याने कोणतं काढायचं तेही लेखी द्यावं, नाहीतर दर जयंतीला यादी वाढत जाते.

एवढं करूनही योजना फसते ती प्रश्नपत्रिकेत. उदाहरणादाखल दिलेल्या नावावर रिकामी जागा आली की दुसऱ्या वर्षीपासून प्रत्येक शिक्षक ते नाव सक्तीचं धरतो, गाईडवाले तर त्याआधीच. तेव्हा प्रश्न असा हवा: 'तुम्ही अभ्यासलेल्या कोणत्याही एका सुधारकाने कशाला विरोध केला, ते दोन पुराव्यांसह लिहा.' याची उत्तरं तपासायला वेळ जास्त लागतो, म्हणून गुणदानाचे निकष पाठ्यपुस्तकासोबतच द्यावेत.