गर्भनिरोधक गोळी चालू असताना योनीमुखाशी आग होत असेल तर

ताई, बुरशीचं मलम पुन्हापुन्हा लावणं आधी थांबवा; स्रावाची कल्चर तपासणी (प्रयोगशाळेत जंतू-बुरशी वाढवून बघणं) झाल्याशिवाय नकोच, त्यानं चिडलेली त्वचा आणखी चिडते. गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात एसएचबीजी हे हार्मोनना बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, मोकळं (न बांधलेलं) टेस्टोस्टेरॉन हार्मोन घटतं आणि काहीजणींची योनीमुखाची त्वचा पातळ, दुखरी होते. पीसीओडीसाठी दिलेल्या सायप्रोटेरॉनच्या गोळीचंही तेच. डॉक्टरांना ओल्या कापसाच्या काडीनं, घड्याळाच्या आकड्यांसारखी एकेक जागा हलकेच दाबून बघायला सांगा. सगळीकडे दुखलं तर हार्मोनचा संशय. फक्त खाली, पाच ते सातमध्ये दुखलं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असू शकतात. गोळी सोडण्याआधी कॉपर-टी किंवा निरोधचं ठरवा. इस्ट्राडिऑल-टेस्टोस्टेरॉनचं मलम मिळालं तर दोन-तीन महिने तरी नेमानं लावा.