भीत भीत का होईना, जा

प्रिय बाळा,

प्रभु येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला दिसला. मी पहाटे प्रार्थनेला उठले तेव्हा वाचला आणि चहा ठेवायचंच विसरले. फोनवर दोन ओळींत उत्तर द्यावं असा तो नव्हता, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाहेर पाऊस कोसळतोय, समोरच्या उतारावरून लाल पाणी धो धो खाली चाललंय. तू म्हणाला होतास, मिरजेकडे असा पाऊस कधी पाहिला नाही. माझंही गोव्यात, वास्कोतल्या पहिल्या पावसाळ्यात असंच झालं होतं. कपडे वाळत नाहीत, अंथरूण दमट, आणि त्यात शहर परकं.

गुरुवारी इथल्या बायण्याच्या वस्तीत, त्या आजीच्या खोलीत प्रार्थना चालू असताना पाच-सहा तरुण दारात येऊन उभे राहिले, एकाने मोबाइलवर शूटिंग केलं, "इथे काय चाललंय, कुणाला विचारून?" असं दरडावलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरमालकाने तुला तुझी खोली सोडायला सांगितलं. तुझे हात कापत होते, तोंडातून शब्द फुटला नाही. आता तू विचारतोस, तीन महिने सगळं बंद ठेवू का? आणि शेवटी एक ओळ लिहिलीस, ती माझ्या जिवाला लागली: "मावशी, माझा विश्वास खोटा आहे का?"

नाही रे बाळा.

प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथला पोचला तेव्हाची आपली अवस्था त्याने नंतर स्वतःच करिंथकरांना लिहून कळवली आहे. अशक्त होतो, भ्यालेला होतो, कापत होतो. फिलिप्पैत फटके खाऊन, थेस्सलनीकेतून रातोरात निघून, अथेनैत काहींची थट्टा सोसून तो तिथे आला होता. करिंथ म्हणजे दोन बाजूंना दोन बंदरं असलेलं शहर. खलाशी, हमाल, व्यापारी, पोटासाठी लांबून आलेली माणसं. मुरगाव बंदराच्या सावलीत राहणाऱ्या आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. तिथे पौलाला आधी भेटलं कोण, तर रोममधून हाकलून लावलेलं एक जोडपं, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. मग एका रात्री प्रभूने त्याला दर्शनात सांगितलं: भिऊ नको, बोलत राहा, मी तुझ्याबरोबर आहे. आणि पुढे सांगितलं की या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.

पहिला अर्धा भाग आपल्या सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्याकडे माझंही कितीतरी वर्षं लक्ष गेलं नव्हतं. पौलाची भीती घालवायला प्रभूने त्याला शहराकडे बघायला लावलं. ते लोक तेव्हा कुठे होते? बरेचजण अजून ख्रिस्ती मंडळीत आले नव्हते, त्यांची नावंही पौलाला ठाऊक नव्हती. प्रभूला ठाऊक होतं. पौल त्यानंतर तिथे दीड वर्ष राहिला. त्याच मुक्कामात त्याला रोमी सुभेदार गल्लियोच्या न्यायासनासमोर ओढत नेलं, हेही विसरू नकोस. त्याला काही झालं नाही, पण सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला तिथेच, न्यायासनासमोर मारहाण झाली. वचन मिळालं म्हणून शहर मऊ झालं नाही. म्हणून "विश्वास ठेव, काही होणार नाही" असं मी तुला कधीच म्हणणार नाही. काहीतरी होऊ शकतं.

आता माझी एक गोष्ट सांगते. ही मी मंडळीत साक्ष म्हणून कधी सांगितली नाही.

मिरजेला नर्सिंग शिकून, लग्न करून मी वास्कोत आले. पुढे बायण्याच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत बायकांकडे जाऊ लागले. देहविक्रयाच्या धंद्यात अडकलेल्या बायका, बऱ्याचजणी आंध्र-कर्नाटकातून आलेल्या. मी त्यांच्या पोरांना ताप आला की बघायची, जखमा बांधायची, कुणी म्हटलं तरच प्रार्थना करायची. सहा-सात वर्षांत त्या मला मावशी म्हणू लागल्या. जून २००४ मध्ये तिथली घरं पाडली गेली. ऐन पावसाळा. सामान वाळूवर, पोरं ताडपत्रीखाली, चहूकडे पोलीस आणि बघ्यांची गर्दी. ती कारवाई योग्य की अयोग्य, यावर तेव्हा गोव्यात खूप बोललं गेलं. आजचा मुद्दा तो नाही. मुद्दा असा की मी गेले नाही. वर्तमानपत्रवाले फोटो काढताहेत, आपला फोटो छापून आला तर? नवऱ्याच्या ऑफिसात काय म्हणतील? मंडळीतले काय म्हणतील? मी घरात बसून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तीन दिवस. गुडघ्यावर बसून, रडून केली, खोटी नव्हती. चौथ्या दिवशी गेले तेव्हा ओळखीच्या तिघीच सापडल्या. एकीने विचारलं, "मावशी, तीन दिवस कुठे होतीस?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की मी आजारी असेन.

ज्या लोकांची मला भीती वाटत होती, त्यांतलं कुणी मला ओळखतसुद्धा नव्हतं. आणि ज्या मला ओळखत होत्या त्या वाट बघत होत्या. त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात फक्त स्वतःलाच बघत होते: माझा फोटो, माझं नाव, माझं घर. तुझा मेसेज पुन्हा वाच. दारातल्या तरुणांबद्दल बारा ओळी आहेत, घरमालकाबद्दल पाच. ज्या आजीच्या खोलीत प्रार्थना चालली होती, जिचा डावा हात अर्धांगाने गेला आहे, तिच्याबद्दल एकही नाही. ते लोक आले तेव्हा ती काय करत होती? घाबरली का? तुला दोष म्हणून नाही विचारत. मीही तशीच होते म्हणून विचारते आहे.

कोरोनाच्या साथीत, १ जून २०२० रोजी वास्कोतलं आमचं मांगोर हिल कंटेनमेंट झोन जाहीर झालं, गोव्यातलं पहिलं. एका रात्रीत पत्ता सांगायची चोरी झाली. तेव्हाही मी भ्याले, वय तर साठीच्या पुढे. पण बायण्याच्या त्या तीन दिवसांची आठवण होती. घराबाहेर पडायला मनाई होती, ती मी पाळली. नर्स होते, नियम कशासाठी आहे ते कळत होतं. वहीत शेजारपाजारच्या घरांचे नंबर लिहिले, हिंदू, मुसलमान, कॅथलिक, जे मिळाले ते सगळे, आणि रोज सकाळी फोन करायला बसले. ताप किती? दम लागतो का? बोटाला लावायचं यंत्र कुणाकडे आहे? खालच्या गल्लीतल्या एका कॅथलिक बाईला मीच धीर द्यायला फोन केला, तर तीच मला म्हणाली, "भिवूं नाका." या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत, त्याचा अर्थ मला त्या वहीत कळला.

सुट्टीच्या दिवशी एकदा सांकवाळला जाऊन ये, वास्कोहून लांब नाही. कॅथलिक धर्मगुरू जोसेफ वाझ यांचं ते मूळ गाव, जन्म बाणावलीचा, १६५१ चा. आपल्या मंडळीत संतांची प्रार्थना करायची रीत नाही आणि मी तसं करायला सांगत नाही. पण या मातीतला माणूस म्हणून त्यांचं आयुष्य तू जाणून घ्यावंस. डचांनी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, किनाऱ्यावर कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. १६८७ मध्ये हा माणूस मजुराच्या वेषात तिथे उतरला आणि उतरल्या उतरल्या आजारी पडला. पुढे कँडीला पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. वाझ आणि त्यांचा धर्मगुरू असलेला भाचा मागे राहिले, घरोघर जाऊन रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांना पुरलं. रोगी कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. १७११ मध्ये ते तिथेच वारले. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं तेव्हा इथे मोठा आनंद झाला. पण माझ्या मनात येते ती कैदेतली पहिली रात्र. त्या रात्री त्यांना काय वाटलं असेल?

तू आणखी एक सल बोलून दाखवलीस. कॅथलिक शेजाऱ्यांना तुझी मराठी ऐकून नवल वाटतं, मराठी दुकानदाराला तुझं ख्रिस्ती असणं खटकतं, आणि तुला वाटतं आपण इथे कुणाचेच नाही. बाळा, गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं उलटली. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये इथे आले, भाषा शिकले आणि ख्रिस्तपुराण रचलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये ते राचोलला छापलं. इंग्लंडहून आलेल्या माणसाला जर ही भाषा आणि ही भूमी आपली करता आली, तर मिरजेहून आलेल्या तुला का नाही? मात्र कोकणी शीक. सकाळी पोदेराकडून पाव घेताना दोन वाक्यं बोल, चुकलं तरी चालेल.

आता गुरुवारचं. भीती आणि सावधपणा यांची गल्लत होते, माझी कितीदा झाली. मी एकच बघते: सावधपणा सांगतो ते केल्यावरही मी त्या माणसापर्यंत पोचते, फक्त रस्ता बदलतो. भीतीचं ऐकलं की माणूस राहूनच जातो. तीन महिने बंद ठेवलंस तर आजीला ते तीन महिने कोण भेटणार?

म्हणून आजीकडे जात राहा. वीस माणसं जमवायची सध्या गरज नाही. दोघं जा, दिवसाउजेडी जा, दार उघडं ठेवा. पेटी-ढोलकी काही दिवस राहू दे. घरातल्यांना विचारल्याशिवाय प्रार्थना करायची नाही आणि परक्याच्या मुलाला आईबापांना न सांगता काही शिकवायचं नाही. ही अट आपण कुणाच्या दबावाने पाळत नाही, समोरच्याचा मान म्हणून पाळतो. धान्य किंवा औषधं दिलीस तर त्या दिवशी सुवार्तेचा शब्द काढू नकोस. कुणी भुकेपोटी मान डोलावली तर ती प्रभूपुढे कशी ठेवशील? घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था सांभाळून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेही सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला यात अडचण वाटत नाही. मन पालटणं आपल्या हातात कधी होतं?

आणि तुम्ही तरुण मुलं घरभेटीचे फोटो ग्रुपवर टाकता ते आजपासून बंद. अंथरुणाला खिळलेल्या बाईचा चेहरा कुणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये, त्यांच्याही आणि आपल्याही.

दारात आलेल्या तरुणांतला एकजण खारीवाड्याला जेटीवर बर्फाच्या गाडीवर असतो असं तू लिहिलंस. म्हणजे तू त्याला ओळखतोस. पुन्हा दिसला तर मान खाली घालून जाऊ नकोस. नाव विचार, आपलं सांग. त्याने तोंड फिरवलं तर फिरवू दे.

रात्री भीती दाटून आली तर एकटा सोसत बसू नकोस. अकरापर्यंत मी जागी असते. पौलानेसुद्धा आपलं थरथरणं लिहून ठेवलं, तू मला फोनवर सांगायला काय हरकत आहे?

शनिवारी चार वाजता मी बायण्याच्या बसस्टॉपवर येते. आधी आजीकडे जाऊ, मला तिचा हात बघायचा आहे, मालिश कशी करायची ते तिच्या सुनेला दाखवायचं आहे. मग घरमालकाकडे. तुझं आधार कार्ड आणि भाडेकरूच्या पडताळणीचा पोलीस ठाण्यातला कागद बरोबर घे. तो भरला नसशील तर उद्याच भर. बोलायला मी सुरुवात करीन, पण पुढचं तू बोलायचंस. त्याने खोली सोडच म्हटलं तर आमच्या खालच्या मजल्यावर एक खाट रिकामी आहे, पंखा जरा आवाज करतो इतकंच.

छत्री आण. तुझी तुटली होती ना, तर राहू दे, मी दोन आणते.

तुझी,
मावशी