पुळका आला कुठनं?

प्रश्न : "नातवाचा फारच पुळका आलाय तुम्हाला," असं सूनबाई म्हणाली, मनाला लागलं. पुळका म्हणजे वाईट असतं का?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : आजी, मूळ शब्द फार गोड आहे हो. संस्कृतमधे पुलक म्हणजे आनंदानं अंगावर येतो ना तो काटा, त्यावरूनच पुलकित, आणि मराठीत मधल्या ल चा बऱ्याचदा ळ होतो, फल चं फळ, कमल चं कमळ, तसाच हा पुळका. म्हणजे माया इतकी दाटली की अंगावर शहारा! पण वापरता वापरता त्याला टोमण्याची धार आली, आता अवेळी आलेल्या, गरजेपेक्षा जास्त किंवा नुसत्या दाखवायच्या प्रेमाला पुळका म्हणतात, इलेक्शन आलं की पुढाऱ्यांना विडी कामगारांचा येतो तसा. नातू शाळेतनं आल्यावर गरम भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घालून देणं, ही मायाच, सूनबाईंनी शब्द जरा जड वापरला. आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजारणीला विचारून बघा, त्यांच्यात पुलकरिंत म्हणजे रोमांच, कन्नडमधे पुळक पण तसंच, तिथं अर्थ अजून आनंदाचाच आहे.