14 रुपयांचा फेट

प्रश्न : सर, सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं छोटं वर्कशॉप आहे. डाळिंब-द्राक्षवाल्यांचे 12 व्होल्टचे फवारणी पंप दुरुस्त करतो, स्पीड कमी-जास्त करायचं सर्किटही स्वतः बनवतो. त्यासाठी आयआरएफ540एन मॉस्फेट (आम्ही नुसतं 'फेट' म्हणतो, करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पुण्याहून 14 रुपये नगाने 100 आणले. हंगामात 19 पंप फेट उडून परत आले. ओळखीचे म्हणतात, अधिकृत वितरकाकडूनच घे. तिथे दर चौपट, वर कुरिअर. परवडेल का? आणि 'अधिकृत' ओळखायचा कसा?

उत्तर : आधी एक विचारतो, रागावू नका. मोटारीला समांतर डायोड कुठला टाकलाय? 4007 हा साधा डायोड असेल तर दुकानदाराला शिव्या घालण्याआधी तो बदला. पीडब्ल्यूएमला, म्हणजे स्पीडसाठी करंट भराभर चालू-बंद करण्याला, तो संथ पडतो. वेळेत बंद होत नाही आणि फेट चालू होताना करंटचा झटका फेटच्या अंगावर येतो. तिथे फास्ट किंवा शॉटकी, म्हणजे झटपट बंद होणारा डायोडच हवा.

डायोड बरोबर असेल तर शिल्लक फेट तपासा. हीटसिंकवर बसवा, गेटला (फेट चालू करणाऱ्या पायाला) बॅटरीचे 12 व्होल्ट द्या, लोड म्हणून गाडीच्या हेडलाइटचा 60 वॉटचा बल्ब लावा. साधारण 5 अँपिअर जातील. आता मीटर ड्रेन-सोर्सच्या, म्हणजे ज्यांतून करंट जातो त्या दोन पायांवर थेट धरा. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, 540एन चालू असताना त्याचा रोध जास्तीत जास्त 44 मिलिओहम दिलाय, म्हणजे 0.22 व्होल्टच्या आत यायला हवं. मागे एका गिऱ्हाइकाने आणलेला नग 0.6 दाखवत होता. छाप 540एनचा, पण काम भलत्याच लहान फेटचं. एक वॉटच्या जागी तीन वॉटची उष्णता, तीही एप्रिलमध्ये, सोलापूरच्या उन्हात, बंद डब्यात! मात्र 'एन' नसलेला 540 वेगळा असतो, त्याला 77 मिलिओहम चालतात. त्याला उगाच डुप्लिकेट ठरवू नका.

फसायला मीही फसलोय. 2021 साली चिपचा दुष्काळ होता. एका टॉवेल कारखान्याचं टेंपरेचर कंट्रोलर कार्ड बंद पडलं होतं, मालक रोज दोनदा फोन करायचा. अधिकृत ठिकाणी मायक्रोकंट्रोलर मिळेना, म्हणून एका व्यापाऱ्याकडून 10 घेतले. 'ओरिजनलच आहे साहेब, लॉट वेगळा आहे.' गणपतीच्या दिवसांत पार्सल आलं. चिपवर कोड 2148. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. 48वा आठवडा म्हणजे नोव्हेंबरअखेर. माल सप्टेंबरात माझ्या हातात! ॲसिटोनचा बोळा फिरवला तर कापूस काळा झाला आणि खाली जुना घासलेला नंबर दिसायला लागला. पैसे गेले ते गेलेच.

आता 'अधिकृत'. हे विकणाऱ्याच्या पाटीवर नाही, बनवणाऱ्याच्या साइटवर बघायचं. 540एन मूळचा इंटरनॅशनल रेक्टिफायरचा. 2015 मध्ये ती कंपनी इन्फिनिऑनकडे गेली, म्हणून यादी इन्फिनिऑनची बघा. माउझर, डिजी-की ही नावं दिसतील. एकच नग हवा असला तरी देतात. पण अधिकृतपणा एकेका ब्रँडपुरता असतो. एका कंपनीचा वितरक दुसरीचा असेलच असं नाही. शिवाय काही मोठ्या साइटवर बाहेरच्या विक्रेत्यांचाही माल दिसतो, तेव्हा ऑर्डर टाकताना माल कोण पाठवणार ते वाचा.

परवडण्याचं म्हणाल, तर नगामागे 42 रुपये जास्त, 100ला 4200. एका परतीला मी मजुरी आणि गेलेला वेळ मिळून 250 धरतो. 19 परतींचे 4750. त्यात चिडलेला शेतकरी धरलेला नाही. फवारणीचा दिवस हुकला की तो पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. कुरिअरसाठी तुमच्या भागातले तीन-चार वर्कशॉपवाले मिळून ऑर्डर टाका. नोंदणी असेल तर बिलावर जीएसटी नंबर घालून घ्या, क्रेडिट मिळतं.

सगळंच तिथून घ्यायला मात्र मी सांगणार नाही. रेझिस्टर, स्विच, वायर, डबे पुण्याच्या बुधवार पेठेतून खुशाल आणा. फेट, चिप आणि तापणारे कपॅसिटर तेवढे अधिकृत घ्या.

पार्सल आल्यावर पाकिटावरचं लेबल फाडून फेकू नका. त्यावर पार्ट नंबर, लॉट, डेट कोड असतो. मी ते वहीत चिकटवतो आणि शेजारी कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला नग गेला ते लिहितो.