नदीकाठचे प्रश्न : जलपर्णी आणि टाकीतले मासे

प्रश्न : चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळ आम्ही पंधरा-वीस जण दर उन्हाळ्यात पवनेतली जलपर्णी काढतो. पुढच्या वर्षी नदी पुन्हा झाकलेली असते. आमचे श्रम वाया जात आहेत का?

उत्तर : श्रम वाया जात नाहीत, पण वेळ चुकते आहे. पावसाळ्यातल्या पुरात बहुतेक जलपर्णी वाहून जाते आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात, वळणांवर, काठच्या झाडांच्या मुळांत थोडीच रोपे अडकून उरतात. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतात. थंडीत हा वेग मंदावतो हे खरे, तरी कागदावरच्या हिशेबाने ऑक्टोबरअखेर राहिलेली शंभर रोपे मार्चअखेर लाखाच्या घरात जातात. म्हणून पूर ओसरल्याबरोबर, फुले येण्याआधी, हाताने मोजता येतील इतकीच रोपे असताना ती काढावीत. एकदा बी धरले की ते गाळात अनेक वर्षे जिवंत राहते.

एखादे रोप उचलून पाहा. देठाचा फुगीर भाग दाबला तर आत स्पंजासारखी हवा लागते, खाली काळसर केसाळ मुळांचा झुपका लोंबत असतो आणि बाजूच्या आडव्या दांडीला पिल्लू रोप जोडलेले असते. दांडी तुटून ते पिल्लू पाण्यात राहिले, तर काम अर्धेच झाले असे समजावे. काढलेला ढीग पूररेषेच्या वर नेऊन टाकावा, नाहीतर पहिल्या पुरात तो पुन्हा नदीत उतरतो आणि भीमेतून उजनीच्या दिशेने निघतो. सांडपाण्यात वाढलेली जलपर्णी शिसे, कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय तिचे खत भाजीपाल्याला घालू नये. तणनाशक फवारण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला ठामपणे विरोध करावा, कारण मेलेली रोपे तळाशी जाऊन कुजतात आणि पाण्यात उरलासुरला प्राणवायूही संपवतात.

तरीही मूळ कारण रोपात नाही, नाल्यात आहे. रावेत बंधाऱ्यापाशी शहरासाठी पिण्याचे पाणी उचलले जाते आणि तिथून दापोडीला मुळेत मिसळेपर्यंत पवना मैला व साबणाचे पाणी पोटात घेत जाते. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच जलपर्णीचे अन्न आहे. म्हणून आपल्या गटाने कोरड्या दिवसांत काठाने चालून कोणत्या नाल्यातून काय येते याची तारीखवार छायाचित्रे ठेवावीत. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. जवळच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात रोज किती पाणी येते आणि किती शुद्ध होते, हे माहिती अधिकारात विचारावे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार नदीत घाण सोडण्यास मनाई आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

मुलांना नदीवर अवश्य न्यावे, मात्र पाण्यात उतरवू नये. जलपर्णीच्या थराखालची खोली दिसत नाही. काम करणाऱ्यांनीही गमबूट व हातमोजे घालावेत आणि अंगावर जखम असेल तर काठावरच थांबावे. सकाळी दुर्बीण घेऊन बसलात तर खंड्या, पाणकावळा, हळदी-कुंकू बदक दिसू शकतात. जलपर्णीवर चालणारी जांभळी पाणकोंबडी पाहून मुले हरखतात, पण तिच्या असण्यावरून नदी निरोगी आहे असे मात्र समजू नये.

प्रश्न : घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासा फार मोठा झाला आहे. तो नदीत सोडला तर चालेल का?

उत्तर : कृपया सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. त्याच्या अंगावर हाडांचे कवच असते, तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि कोळ्यांच्या जाळ्यांत अडकला की ती फाडतो. आपल्या नद्यांत चिलापी आधीच माजली आहे. तीही 1952 मध्ये बाहेरून भारतात आणली गेली होती. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये ज्या खुद्री महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तो त्यांना पुण्याच्या पूर्वेला याच मुळा-मुठेच्या पाण्यात मिळाला होता, आणि आज शहरातल्या पात्रात त्याला जगता येईल असे पाणी उरलेले नाही. आपला मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाकडे सोपवा. टाकीतले पाणी आणि पाणवनस्पतीसुद्धा नाल्यात ओतू नका. पाणी कुंड्यांना घाला आणि वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका.